जो हळू, तो पुढे

१

ऐक. नुसतं ऐक, मधे बोलू नकोस, तुझे सगळे प्रश्न शेवटी.

नारायण पेठेत श्याम बेंद्रे राहतो ना, त्याच्या सोसायटीत जिन्याखाली सायकलींची एक खोली आहे. रविवारी सकाळी श्याम दात घासत घासत खाली आला, वॉचमन भैरूकडून किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आणि तोंडात फेस असताना माणूस जेवढं ओरडू शकतो तेवढं ओरडला.

दुसऱ्या मिनिटाला रझियाचा फोन वाजला.

"रझिया, स्किन्स गेल्या."

"कुठे गेल्या?"

"ते माहीत असतं तर 'गेल्या' म्हणालो असतो का? निळी पिशवीच नाहीये!"

आता स्किन्स म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल एवढं काय त्यात. बर्फावरची स्की उतारावरून खाली घसरते हे तुला-मला ठाऊक आहे. पण चढणार कसं? तर स्कीच्या तळव्याला एक लांब पट्टी चिकटवायची. एका बाजूला गोंद, दुसऱ्या बाजूला मांजराच्या पाठीसारखी लव. पुढे सरकवली की सुळकन जाते, मागे घसरायला लागली की लव उभी राहते आणि बर्फ धरून ठेवते. ती पट्टी म्हणजे स्किन. ती नसेल तर डोंगर खालून बघायचा आणि घरी यायचं.

आणि मंगळवारी पाच जण निघणार होते! हिमाचलात, मनालीच्याही पलीकडे, गावकऱ्यांनी चालवलेल्या दोन लाकडी हट. एक रात्र पहिल्या हटमध्ये, दुसऱ्या दिवशी स्कीवरून चढत दुसऱ्या हटमध्ये मुक्काम, मग घसरत परत. श्यामने तिकडे स्कीचा कोर्स केलेला, आणि आयुष्यात कधी बर्फ न बघितलेल्या माणसांना सहज झेपेल अशी टूर आखायची हे त्याचं स्वप्न. हटवाल्याची अट एकच, पाच माणसं असतील तरच हट उघडणार. आणि पक्कं काय ते रविवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं.

म्हणजे त्याच संध्याकाळपर्यंत.

"नवीन मागवता येतील?" रझियाने विचारलं.

"येतील की. बर्फ वितळल्यावर."

रझिया बागवान खराडीला एका आयटी कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधले बग शोधायचे, दिवसभर तेच. तिने स्कूटर काढली. अर्ध्या तासात ती त्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिला एकच गोष्ट विचित्र वाटत होती.

चकचकीत स्की भिंतीला टेकून तशाच होत्या. हेल्मेटं होती, बूट होते, काठ्या होत्या. भुरटा चोर हेल्मेट उचलेल. केसाळ पट्ट्यांची पिशवी उचलणारा माणूस एकच, त्या कशासाठी आहेत हे ज्याला माहीत आहे तो.

असे जगात पाचच जण होते. त्यातली एक ती स्वतः.

२

बाकीचे चौघे कोण? श्याम तुला कळला. दुसरे शरच्चंद्र आठल्ये, म्हणजे आठल्येकाका. निवृत्त, सह्याद्रीतला एक किल्ला सोडलेला नाही, आणि बोलायला लागले की समोरच्याला बँडेज लागतं. तिसऱ्या त्यांच्या बायको मंदाकिनीकाकू. काकूंना लग्नापासून बर्फ बघायचा होता, बस, दुसरं काही मागणंच नाही. चौथा सोनबा झुरुंगे, खराडीचा. रझियाच्या ऑफिसच्या पार्किंगच्या जागी त्याच्या आजोबांची ज्वारी डोलायची. आता सोनबा बिल्डर आहे, जिममध्ये जातो, आणि त्याच्या दंडाला शर्ट पुरत नाही.

आदल्या रविवारी हे पाचही जण सराव करायला वेताळ टेकडीवर गेले होते. पुण्यात बर्फ कुठून आणणार? पण वाळलेलं गवत बर्फाइतकंच घसरतं. सकाळी फिरायला आलेली माणसं थांबून थांबून बघत होती, आणि हे पाच जण स्कीला स्किन्स लावून गवतावरून खराक खराक वर चढतायत. स्किन्सना इतकी कुसळं चिकटली की श्याम रडकुंडीला आला. काका एकदा आडवे झाले. सोनबाने बगलेत हात घालून उचललं.

"काका, लागलं का?"

"छे. जमीन तपासत होतो."

संपल्यावर सोनबा गाडीत बसता बसता म्हणाला, "चला, जातो मी." तो कायम असंच म्हणतो. तर काकांनी लगेच धरला. "अहो झुरुंगे, 'जातो' काय? 'येतो' म्हणावं. 'जातो' म्हणून फक्त एकदाच जायचं असतं, आणि तेव्हा बोलायची सोय नसते."

सोनबा हसला. "बरं काका. येतो."

शनिवारी संध्याकाळी श्यामच्या तिसऱ्या मजल्यावर शेवटची मीटिंग. काका सगळ्यांत शेवटी पोचले, या सोसायटीला लिफ्ट नाही म्हणून बिल्डरचा उद्धार करत. श्यामने जमिनीवर नकाशा पसरला. कुठे उतार सौम्य, कुठे वरून हिमकडा सुटायचा धोका म्हणून लांबून जायचं, पाठीवर किती वजन, दुपार कलली की कुठेही असलो तरी मागे फिरायचं. मग म्हणाला, "आणि एक नियम. चढताना जो सगळ्यांत हळू, तो सगळ्यांत पुढे. बाकीचे त्याच्या मागे, त्याच्या वेगाने. म्हणजे कुणी मागे राहत नाही."

"आणि काही बिनसलं तर?" काकूंनी विचारलं.

"तर वर जायचंच नाही. खालच्या गावात राहायचं, तिथल्या छोट्या उतारावर खेळायचं. बर्फ तोच, फक्त डोंगर नाही."

"तो कसला बर्फ," काकू म्हणाल्या. "तसा फ्रिजमध्येही असतो."

मीटिंग संपली. सगळ्यांनी मिळून सामान खाली नेलं आणि सायकलींच्या खोलीत ठेवलं. सोनबा तिथूनच निघाला. रझिया आणि काकू मंडईत गेल्या, कारण काकूंना प्रवासाला बोरं हवी होती आणि रझियाच्या अब्बांचा, रहीमभाईंचा, तिथे फळांचा गाळा आहे. श्याम वर गेला. काकाही त्याच्याबरोबर पुन्हा वर गेले, चष्मा राहिला म्हणून, आणि थोड्या वेळाने एकटे उतरले.

भैरूला सांगून ठेवलं होतं, सगळे गेले की कुलूप लाव.

"लावलंस ना?" रझियाने त्याला विचारलं.

भैरू राजस्थानचा, पुण्यात येऊन जेमतेम तीन महिने झालेले. तो चपलेकडे बघत राहिला.

"दीदी, सच बोलूँ? नौकरी तो नहीं जाएगी?"

३

कुलूप लगेच लावलंच नव्हतं!

भैरूचं म्हणणं असं. सोनबाभाऊ जाताना बोलले, आता हूँ. म्हणजे परत येणार. मग कुलूप कसं लावायचं? त्याने दार नुसतं लोटून ठेवलं आणि गच्चीवर टाकीचं पाणी बघायला गेला. उतरला, बराच वेळ वाट बघितली, कुणी आलं नाही, मग आत न बघताच कुलूप घातलं.

श्यामने कपाळावर हात मारला. "सोनबा! बघितलंस? परत येतो म्हणून दार उघडं ठेवायला लावलं. परवा म्हणत नव्हता, एवढं चढत कशाला जायचं, जीप घालू?"

"गंमत करत होता रे."

"मग पिशवी काय गमतीत गेली?"

आणि श्यामने काय करावं? विचार न करता थेट सोनबाला फोन लावला, स्पीकरवर, आणि विचारलं, "काल परत कशाला आला होतास?"

"कुटं?"

"सोसायटीत. भैरूला सांगून गेलास, आता हूँ म्हणून."

"मी? मी कशाला येऊ परत? मी थेट साइटवर गेलो."

"स्किन्स नाहीयेत, सोनबा."

मग सोनबाचा आवाज आला, पण नेहमीचा नाही.

"श्याम, मी काय चोर हाय का?"

"तसं नाही रे…"

"तसंच हाय. जाऊ दे. माझं नाव काढ तुझ्या टूरमधून." आणि फोन बंद.

पाचातून एक गेला. चार उरले. चार जणांना हट नाही.

४

रझियाने खराडी गाठली. सोनबा साइटवर पत्र्याच्या केबिनमध्ये बसला होता, समोरचा चहा गार झालेला.

"तू पण इचारायला आलीस?"

"मी तुझं उत्तर ऐकायला आलेय. श्यामने ऐकलंच नाही."

तो जरा मऊ झाला. "रझिया, आमच्या घरात म्हातारी माणसं म्हणायची, इमानानं राहा. आन् हा भैरू छातीवर हात ठेवून खोटं बोलतो?"

"भैरूशी तू काय बोललास?"

"काय बोलणार? हात केला आन् निघालो."

"नक्की? काहीच नाही?"

"आता हूँ-बिन्हूँ तर न्हाईच. मला हिंदी बोलायचं म्हणलं की घाम फुटतो."

रझिया उठता उठता थांबली. हे मात्र खरं होतं. सोनबा गवंड्यांशीसुद्धा मराठीतच भांडतो. मग भैरूने हिंदी वाक्य ऐकलं कुठून? भैरू खोटारडा वाटत नव्हता. सोनबाही नाही. दोन खरी माणसं आणि त्यांच्या मधोमध एक खोटं वाक्य. तिच्या ऑफिसात असं झालं की ती म्हणते, चूक दोघांत नाही, दोघांच्या मधल्या जागेत आहे.

पण ती जागा सापडेना.

"संध्याकाळपर्यंत थांबशील?" तिने विचारलं. "नाव काढू नकोस."

"संध्याकाळपर्यंत," सोनबा म्हणाला. "मंदाकाकूंसाठी. त्या टेकडीवर माझ्या हाताला धरून म्हणल्या हुत्या, सोनबा, बर्फात पडले तर उचलशील ना."

५

आठल्यांच्या घरी दार काकांनी उघडलं.

"या. पोलीस खातं खाजगी झालं वाटतं?"

"काका, स्किन्स…"

"ऐकलं. श्यामने फोनवर एवढा आक्रोश केला की पिशवी जिथे असेल तिथे तिलाही ऐकू गेला असेल." ते खुर्चीत बसले, सावकाश, दोन्ही हातांवर भार देऊन. घरात वेखंडाच्या उग्र बामचा वास भरला होता. "तुम्ही खराडीला नक्की काय करता हो रझियाबाई?"

"टेस्टर आहे. चुका शोधते."

"त्याचा पगार मिळतो? आम्ही नारायण पेठेत हे काम विनामूल्य करतो."

रझिया हसली. काकांनी सरळ उत्तरं दिली. चष्मा घेतला, श्यामशी हेल्मेटवरून वाद घातला, खाली उतरलो, पाठीवर माझी हॅवरसॅक, जी किल्ल्यांपासून माझ्या पाठीवरच असते, आणि चालत घरी आलो. खोलीचं दार? बघितलं नाही. मी लोकांची दारं बघत नाही.

काकू चहा घेऊन आल्या. चेहरा उतरलेला, पण हसऱ्या. "जाऊ दे गं. नाही तर नाही. खालच्या गावातल्या उतारावर खेळू." आणि मग कपाटाकडे बघितलं. कपाटाला नवं लोकरीचं जॅकेट लटकत होतं, लेबल अजून न काढलेलं.

काका वर्तमानपत्राच्या मागे गेले.

"तुला टोचलं का काही?" काकूंनी विचारलं, कारण रझिया पायमोजा चाचपत होती. "कुसळ असेल. काय बाई त्या टेकडीची कुसळं! आठवडा झाला. सगळं घर झाडून काढलं होतं मी तेव्हाच, एक शिल्लक नव्हतं. आणि आज सकाळी बघते तर दिवाणाखाली मूठभर!"

"वाऱ्याने येतात," वर्तमानपत्र म्हणालं.

"दुसऱ्या मजल्यावर?"

"पुण्याचा वारा आहे. जिने चढतो."

रझियाने पायमोज्यातून कुसळ काढलं, नखावर घेतलं, आणि तिला काहीतरी आठवतंय-आठवतंय असं झालं. पण श्यामचा मेसेज आला, हटवाल्याचा दुसऱ्यांदा फोन येऊन गेला म्हणून, आणि ते निसटलं.

६

ती परत श्यामच्या सोसायटीत गेली. खोली पुन्हा बघितली, सायकलींच्या मागे, मीटरच्या बॉक्समागे. काही नाही. ऊन उतरत आलं होतं. आता अब्बांच्या गाळ्यावर जाऊन दोन घास खावेत आणि श्यामला सांगावं की जमलं नाही, असं ठरवून ती फाटकाशी आली.

"चल भैरू," ती म्हणाली. "येते."

भैरू फाटक लावत होता. तो थांबला आणि फाटक पुन्हा उघडायला लागला.

"दीदी, खुला रखूँ? कितनी देर में आओगी?"

रझियाच्या हातून स्कूटरची किल्ली पडली.

अगं, कळलं का तुला? तिला कळलं! एरवी ती "बाय" म्हणते. आज पहिल्यांदा तोंडातून "येते" गेलं, आणि या बिचाऱ्याला वाटलं, ही परत येणार!

"भैरू, सोनबा काल काय म्हणाला? हिंदीत नको. त्याच्या तोंडात जो शब्द होता तोच सांग."

"येतो."

"येतो. म्हणजे आता हूँ."

"हाँ दीदी। वैसे वो हमेशा 'जातो' बोलते हैं। कल पहली बार 'येतो' बोले। तो मैंने सोचा, आज लौटेंगे।"

बघ! काकांनी शिकवलं, सोनबा इमानदारीने शिकला, आणि त्या एका शब्दाने कुलूप उघडं राहिलं. सोनबा खरा, भैरूही खरा. दार कुणीही ढकलावं असं पडलं होतं.

पण कुणी ढकललं?

रझियाच्या मनात एकदम काहीतरी हललं. "भैरू, आणि आठल्येकाका? ते तर नेहमीच 'येतो' म्हणत असतील."

भैरू हसला. "वो तो हर बार बोलते हैं, और आते कभी नहीं। बुज़ुर्ग हैं, भूल जाते होंगे। बस कल…"

"कल काय?"

"मैं छत से उतरा, तो वो फाटक पे मिले। कल बोले, 'जातो'।"

रझियाने नखाकडे बघितलं. कुसळ अजून तिथेच होतं.

७

या वेळी काकू घरी नव्हत्या, देवळात गेल्या होत्या. काका म्हणाले, "पुन्हा? या घरी चहा दिवसातून एकदाच मिळतो."

"काका, काल भैरूला निघताना काय म्हणालात?"

"आठवत नाही."

"'जातो' म्हणालात. ज्यांनी सोनबाला टेकडीवर शिकवलं, ते काका 'जातो' म्हणाले."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग अजून एक घडी घातली.

"आणि दिवाणाखालची कुसळं," रझिया म्हणाली. "आठवड्यापूर्वीची नाहीत ती. काल रात्री इथे बसून कुणीतरी स्किन्स साफ केल्या."

काकांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं.

"चोरी करून निघालेल्या माणसाने 'येतो' म्हणायचं?" काका शेवटी म्हणाले. "तोंडातून निघेना हो. सवय मोडून 'जातो' निघालं." त्यांनी माळ्याकडे बोट दाखवलं. "हॅवरसॅकमध्ये आहेत. तुम्हीच काढा, मला स्टुलावर चढवत नाही."

"मग ठेवल्या कशा?"

"त्यातच गुडघा आणखी गेला."

रझियाने पिशवी खाली घेतली. पाच जोड्या. एकही कुसळ नाही. गोंदाला गोंद लावून, श्यामने शिकवल्याप्रमाणे घडी घातलेल्या.

"चोरीचा माल म्हणून काय घाण ठेवायचा?" काका म्हणाले.

मग ते बोलले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. टेकडीवर पडले तेव्हाच गुडघ्यात काहीतरी कडकन झालं होतं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढ नको. "मंदाने लग्नानंतर एकच मागितलं. बर्फ बघायचाय. मी म्हणालो, बघू. ते 'बघू' मुलगी परदेशी जाईपर्यंत चाललं. आता मी नाही म्हटलं तर पाचातला एक गळाला, हटच नाही. आणि येतो म्हटलं तर तुमच्या श्यामचा तो नियम. जो हळू, तो पुढे. आयुष्यभर मी किल्ल्यावर सगळ्यांच्या आधी पोचलोय. आता सगळ्यांनी माझ्या पाठीमागे, माझं लंगडणं बघत यायचं? मंदानेसुद्धा?"

"म्हणून खालचं गाव."

"बर्फ तोच, श्याम म्हणाला होता. मी खुर्चीत बसून बघितली असती तिची मजा." ते थांबले. "ते झुरुंग्यांवर येईल असं वाटलं नव्हतं. ते वाईट झालं. सांगा सगळ्यांना. फक्त मंदासमोर नको. तिला गुडघ्याचं कळलं तर ती जॅकेट परत करून येईल आणि माझ्या पायाला शेक देत बसेल."

रझियाने पिशवी खांद्याला लावली. संध्याकाळ झाली होती. श्यामकडे सगळे जमणार होते. सगळे म्हणजे काकूसुद्धा.

८

श्यामच्या घरी सोनबा दाराजवळ उभा होता, बसायला तयार नाही. श्याम फोन हातात धरून हटवाल्याला काय सांगायचं ते जुळवत होता. काकू होत्या. काका सगळ्यांत शेवटी जिना चढून आले आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, फाशीची शिक्षा ऐकायला आल्यासारखे.

रझियाने निळी पिशवी नकाशावर ठेवली.

"कुणी?" श्याम ओरडला. "कुणी नेली होती?"

आणि रझिया म्हणाली, "मी."

हो! मी म्हणाली! "कुसळं काढायला नेल्या. दार उघडं होतं, आत गेले, घेतल्या. सांगायचं राहून गेलं. सकाळी तू ओरडलास तेव्हा घाबरले. सोनबा, माफ कर, माझ्यामुळे तुझ्यावर आलं."

श्यामने एक स्किन उघडली, बोट फिरवलं, आणि वितळला. "एक कुसळ नाही गं…" मग त्याच्या कपाळावर आठी आली. "पण थांब. तू तर काकूंबरोबर मंडईत गेली होतीस. परत कधी आलीस?"

संपलं. टेस्टरच्या स्वतःच्या कोडमध्ये बग!

"मीच पाठवलं तिला," मंदाकिनीकाकू म्हणाल्या.

सगळे वळले. काकू बोरं निवडत होत्या, मान खाली.

"मंडईतून परत जाताना घेऊन जा म्हटलं. ती कुसळं बघवत नव्हती मला. हो ना गं?"

"हो," रझिया म्हणाली.

कोपऱ्यात काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि बायकोकडे असं बघितलं की जणू आत्ताच ओळख झाली. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त एक मोठं बोर निवडून त्यांच्या हातात ठेवलं.

रझियाने श्वास घेतला. "आणि श्याम, तुझ्या प्लॅनमध्ये अजून एक चूक आहे. आपण सगळे दुसऱ्या हटला गेलो तर पहिलीत कोण? हवा बिघडली, कुणी अर्ध्यातून फिरलं, तर चूल पेटलेली नको? खालच्या गावाला फोन करायला माणूस नको? पाच जणांचं बुकिंग आहे, कोण कुठल्या हटमध्ये झोपतं ते हटवाल्याला काय!"

श्याम नकाशावर वाकला. "अरे… खरंच की. पहिल्या हटपर्यंत तर सपाट वनरस्ता आहे, चालत जाता येतं. पण कोण थांबणार? एवढं लांब येऊन वर न जाता कोण…"

काकूंनी हातातलं बोर खाली ठेवलं.

"हे थांबतील," काकू म्हणाल्या. "यांना खालून वर हुकूम सोडायला आवडतं."

काकांनी घसा साफ केला. "जबाबदार माणूस कुणीतरी लागतोच. तुम्हा लोकांवर चूल सोडली तर हटच पेटायची."

"आणि सगळ्यांत पुढे मी," काकू म्हणाल्या. "मला मुळीच घाई नाहीये. एवढी वर्षं थांबले, तो डोंगर मी चवीचवीने चढणार."

सोनबा दारातून आत आला आणि खाली बसला. तेवढंच. पाच झाले. श्यामने फोन लावला.

निघताना काका सोनबाजवळ थांबले. "झुरुंगे, तुम्हाला एक शब्द चुकीचा शिकवला मी. चुकलं माझं."

"कुठला शब्द, काका?"

"ते हटमध्ये सांगेन."

खाली सोनबाने रझियाला गाठलं. "खरं सांग. तूच नेलेल्या?"

"हो म्हटलं ना."

"बरं." तो हसला. "मग पिशवीला येखंडाच्या बामचा वास कसा? आमच्या आजीच्या गुडघ्याला बी त्योच लागतो." आणि उत्तराची वाट न बघता गाडीकडे गेला. "येतो, भैरू!"

भैरूने कुलूप हातात घेऊन रझियाकडे बघितलं. "दीदी, ये असली वाला है, या पुणे वाला?"

मागून जिन्यावरून काका उतरत होते, एकेक पायरी, कठड्याला धरून. पुढे काकू होत्या, त्याच वेगाने, मागे वळून न बघता.

"येतो रे, भैरू," काका म्हणाले.

पुढचं सांगू? काकांनी पहिल्या हटमध्ये, चुलीपुढे, स्वतःच सगळं सांगून टाकलं, टोमण्यांसकट. म्हणून तर रझियाकडून मला कळलं आणि म्हणून तुला सांगतेय. श्याम तेवढा आश्चर्याने पडायचा बाकी होता, बाकी कुणालाच धक्का बसला नाही. आणि दुसऱ्या दिवशी काकू सगळ्यांत पुढे, मागे सोनबा, आणि पहिल्या चढावर काकू पडल्या, बर्फात पालथ्या, आणि उठायलाच तयार नाहीत, हसतायत नुसत्या.

पण त्या संध्याकाळी रझियाला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यासमोर नकाशावर पिशवी होती. एका बाजूला सोनबा, ज्याच्यावर विनाकारण आळ आला आणि ज्याला खरं नाव ऐकायचा हक्क होता. दुसऱ्या बाजूला काका, कोपऱ्यातल्या खुर्चीत. मधे काकू, बोरं निवडतायत. आणि श्याम विचारतोय, कुणी नेली?

आता बोल. तू असतीस तिथे, तर काय म्हणाली असतीस?